हप्ता, सनद आणि माझा धाकटा भाऊ

(दिल्लीत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या एका रविवारच्या बैठकीत केलेलं हे भाषण. लिहून काढताना काही वाक्यं नीट केली आहेत, मजकूर तोच आहे.)



मला विषय दिला होता ‘खासगी क्षेत्र आणि जात’. माझ्या पीएच.डी.चा विषय याच्याच आसपासचा आहे, त्यामुळे तासभर संदर्भ देत बोलणं मला अवघड नव्हतं. पण गेले पाच महिने आमच्या घरात एकच प्रश्न चालू आहे आणि त्यापुढे माझी टिपणं मला कोरडी वाटायला लागली आहेत. म्हणून आज तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. माझ्या धाकट्या भावाला विचारूनच ठेवते आहे. तो म्हणाला, “सांग, पण माझं नाव घेऊ नको आणि कंपनीचं तर अजिबातच नको.”

जानेवारीत एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. इतक्या उशिरा फोन आला की आपल्याला आधी घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण येते. मी घाबरूनच उचलला. तो म्हणाला, “ताई, मी नोकरी सोडून एलएल.बी. करू का? मला कॉर्पोरेट वकील व्हायचंय.”

थोडी ओळख करून देते. आम्ही भिलाईचे. आजोबा भंडारा जिल्ह्यातून कामाच्या शोधात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. पप्पा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होते. बावीस वर्षं एकाच गेटमधून आत गेले, पण त्या कारखान्याचे कामगार कधीच झाले नाहीत. ठेकेदार चार वेळा बदलला आणि शेवटच्याने पीएफ भरलाच नव्हता, हे पप्पांना काम सुटल्यावर कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भाऊ घरातला पहिला इंजिनिअर. मग एका आयआयएममध्ये एमबीए, वीस लाखांचं कर्ज, आणि तिथून गुरुग्रामला मॅनेजमेंट कन्सल्टिंग. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. “काम काय असतं?” असं कुणी विचारलं तर ती सांगते, “मोठ्या मोठ्या कंपन्यांना सल्ला देतो.” पप्पा एकदा म्हणाले होते, “याला कोण विचारतं सल्ला, हा तर अजून भाजी निवडून आणू शकत नाही.” विनोद सोडा, पण प्रश्न बरोबर होता. या धंद्यात सल्ला कोण देतो, कुणाचा ऐकला जातो, हेच तर सगळं असतं.

पहिली दोन वर्षं त्याची छान गेली. एक्सेलमध्ये तो वस्ताद आहे. रात्री दोनपर्यंत बसून डेक बनवायचा, सकाळी तो डेक दुसरा कुणी तरी मांडायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या मूल्यमापनात एक शब्द आला : ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’. कामाचा दर्जा उत्तम, क्लायंटपुढे वावर कमी पडतो. त्याने विचारलं, नेमकं काय सुधारू? उत्तर मिळालं, “अजून थोडा पॉलिश हवा.” पुढच्या सहा महिन्यांत तो शर्ट बदलून पाहिला, इंग्रजीचे उच्चार बदलून पाहिले, गोल्फवरचे व्हिडिओसुद्धा पाहिले. आणि कारखान्याच्या पाहणीचं काम निघालं की हमखास त्यालाच पाठवायचे, कारण “तू भिलाईचा, तुला शॉप फ्लोअर कळतो”. संचालकांच्या बैठकीला मात्र त्याच्याच बॅचमधला दुसरा मुलगा. त्याचे वडील काय करतात ते मी सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल.

याला पुरावा म्हणता येणार नाही. कोर्टात तर अजिबात टिकणार नाही. पण आपल्या विषयात यावर काम झालेलं आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तो लेख २००७ मध्ये आला. व्यवस्थापक मंडळी गुणवत्तेशिवाय दुसरी भाषा बोलत नव्हती, आणि त्याच श्वासात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ बघणं किती गरजेचं आहे हेही सांगत होती. त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती. वडिलांचं शिक्षण किती, घर कुठल्या भागात, भावंडं काय करतात, एवढं विचारलं की जात विचारायची गरज उरत नाही.

तर मला वाटलं, भाऊ कंटाळून पळतोय. पण त्याचं कारण वेगळं होतं.

त्याची कंपनी एका कारखान्याच्या खरेदीच्या व्यवहारात सल्लागार होती. विकत घेणाऱ्याला सांगायचं होतं की खर्च कुठे वाचेल. भावाने स्लाइड बनवली, ‘मनुष्यबळाचं सुसूत्रीकरण’, शेजारी वाचणाऱ्या कोटींचा आकडा. स्लाइड सगळ्यांना आवडली. त्याच व्यवहारात खरेदीदाराची वकिलांची फर्मही होती. त्यांच्याकडून दोन पानांचं टिपण आलं. त्यात लिहिलं होतं की या कारखान्यात ठेकेदारांनी मजुरांची इतकी इतकी मजुरी थकवलेली आहे, आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. तेव्हा ही रक्कम किमतीतून कापा, किंवा विकणाऱ्याकडून लेखी हमी घ्या.

भाऊ मला म्हणाला, “ताई, माझी स्लाइड लोकांनी वाहवा करून बाजूला ठेवली. त्या दोन पानांनी किंमत बदलली.” आणि मग जरा थांबून, “पप्पांच्या वेळी असं कुणी लिहिलं असतं तर?”

मी लगेच म्हटलं, “अरे, तो वकील मजुरांचा नव्हता, खरेदीदाराचा होता. पैसे किमतीतून कापले गेले, मजुरांच्या हातात पडले असतील असं नाही.” तो म्हणाला, “ते मला कळतं. तो त्यांचा नव्हताच. पण ती रक्कम कागदावर आली. आधी ती कुठेच नव्हती.”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही.

मग मी ते केलं जे आपण सगळे करतो. बाबासाहेबांचा दाखला दिला. तुम्हाला माहीत असेल, १९१७ ला अमेरिका-इंग्लंडहून परतल्यावर आणि बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. म्हणजे आजच्या भाषेत कन्सल्टिंगच. सल्ला देणारा कुठल्या जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची बंद झाली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पुन्हा लंडन, १९२२ ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर आणि १९२३ पासून मुंबईत वकिली. मी म्हटलं, “बघ, बाबासाहेबांनीही कन्सल्टिंग सोडून कायदाच धरला. कर!”

फोनवर दोन मिनिटं शांतता. मग तो म्हणाला, “बाबासाहेबांची जात कळली आणि धंदा बंद पडला. माझी जात यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि पगार एक तारखेला येतो. मला कुणी काही बोललेलं नाही. तेच सांगतोय तुला, कुणी काही बोलतच नाही.” आणि नंतर, “तू पुढचं का नाही सांगितलंस?”

पुढचं म्हणजे हे. सनद काढायलाही बाबासाहेबांकडे पैसे नव्हते, मित्र नवल भथेना यांनी मदत केली. त्या काळी मुंबईत बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरांमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. मुंबईबाहेरच्या कोर्टांत जावं लागे. घर चालवायला १९२५ ते १९२८ एका अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्यावर अर्धवेळ व्याख्यानं दिली. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या असलेला माणूस! मी माझ्या भावाला त्या गोष्टीचा सोयीचा अर्धा भाग सांगितला होता.

मग मी बाजू बदलली. आठवडाभर त्याला नोकरी सोडू नको म्हणून समजावत राहिले. लोनचं सांगितलं, आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, बाजाराची अनिश्चितता सांगितली. शेवटी आईच म्हणाली, “तुझे पैसे बंद होतील म्हणून बोलतेस काय?”

हे तुमच्यापुढे सांगताना बरं वाटत नाही. माझी फेलोशिप कधी चार महिने, कधी सहा महिने येत नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना हे नवीन नाही. त्या महिन्यांत माझी मेस, माझी झेरॉक्स, फील्डवर्कला जायचं तिकीट, हे सगळं भावाच्या पगारातून येतं. महिन्याला बारा हजार. खासगी क्षेत्रातल्या जातीवर मी जो प्रबंध लिहिते आहे, त्याचा खर्च एक खासगी कंपनीच करते आहे. यावर हसायला हरकत नाही, मीही हसते. पण मग त्याने ती कंपनी सोडावी की नाही यावर माझा सल्ला कितपत धरायचा, हा प्रश्न खरा होता. आईला तो माझ्याआधी दिसला.

होळीला घरी गेलो तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो. आपल्याकडे अशी हिशेबाची वही फार उशिरा उघडली जाते. आधी भावना, मग दाखले, मग रुसवे, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

हातात पगार दीड लाख. कर्जाचा हप्ता तेहतीस हजार. भिलाईला पंचवीस हजार, त्यात वरच्या मजल्याचं अर्धवट बांधकाम. गुरुग्रामचं भाडं अठ्ठावीस हजार. मी बारा हजार. शिल्लक नऊ लाख. पदवीनंतरचा एलएल.बी. तीन वर्षांचा. तीन वर्षांचे नुसते हप्ते होतात अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार. म्हणजे जेवला नाही, भाडं दिलं नाही, घरी एक रुपया पाठवला नाही, तरी शिल्लक पुरत नाही.

नोकरी करता करता करू, असं त्याला वाटत होतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. रात्री दोनपर्यंत डेक बनवणाऱ्याला ते जमणं कठीण. ‘तुझी हजेरी आम्ही लावतो’ असं सांगणारी कॉलेजं असतात, पण तिथून निघालेल्याला मोठ्या फर्मा उभं करत नाहीत.

फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीत फी हजारांत आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, तिथे ती लाखांत जाते. आणि फर्मांच्या भरतीचा मुख्य रस्ता बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सवाल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून जातो. तीन वर्षांवाल्याला इंटर्नशिप करत करत आत शिरावं लागतं. इंटर्नशिप म्हणजे मुंबईत महिनाभर राहायचं, बहुतेकदा फुकट किंवा किरकोळ पैशांवर. ज्यांचे काका-मामा मुंबईत चांगल्या घरात राहतात त्यांना यात अडचण दिसत नाही. आमची एक मावशी आहे मुंबईत, चेंबूरला, दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण.

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, मलाही नव्हती. बहुतेक लॉ फर्मांत तरुण वकील हा ‘नोकर’ नसतो. त्याला पगाराऐवजी व्यावसायिक फी मिळते. त्यामुळे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. हे ऐकून पप्पा पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, “म्हणजे ठेकेदारीच की!” आम्ही तिघंही हसलो. पण नंतर भाऊ बराच वेळ गप्प होता.

पण एक आकडा चांगला निघाला. सनद काढायची फी कायद्यातच लिहिलेली आहे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ प्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. तरीही राज्यांच्या बार कौन्सिलं वर्षानुवर्षं हजारो रुपये घेत होती, ओडिशात तर चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितलं की कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि अशा फीचा मार वंचित घरांतून येणाऱ्यांवर बसतो हेही नोंदवलं. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांना मित्राकडे हात पसरावा लागला त्या दाराची किंमत आज कागदावर १२५ रुपये आहे. दारानंतर काय, ते वेगळं. बार कौन्सिलची परीक्षा आहे. कोर्टात ज्युनिअर म्हणून उभं राहायचं तर, ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, यावरूनच ओळखा की प्रत्यक्षात किती मिळत असेल. भावाचा हप्ताच तेहतीसचा आहे.

आता माझ्या अभ्यासाकडे वळते, कारण हिशेब झाल्यावरही एक प्रश्न उरतो. वकिलांच्या फर्मेत ‘पॉलिश’ लागत नाही का? लागतो. स्वेथा बालकृष्णन यांचं ‘अॅक्सिडेंटल फेमिनिझम’ नावाचं पुस्तक २०२१ ला आलं. त्यांनी भारतातल्या बड्या लॉ फर्मा आणि कन्सल्टिंग कंपन्यांची तुलनाच केली आहे. १९९१ नंतर वाढलेल्या या बड्या लॉ फर्मांत स्त्रिया वरच्या पदांपर्यंत मोठ्या संख्येने पोचल्या, जे कन्सल्टिंगमध्ये तसं झालं नाही. फर्मा नव्या होत्या, वकिलीच्या जुन्या पुरुषी साच्यातून बाहेर होत्या, त्याचा फायदा झाला. मी हे पुस्तक भावाला दाखवायला निघाले होते, बघ, इथे बदल होतो म्हणून. पण त्याच पुस्तकातून हेही कळतं की आत पोचलेल्या त्या स्त्रिया बहुतेक कुठल्या घरांतून आलेल्या होत्या. एका बाबतीत उघडलेलं दार दुसऱ्या बाबतीत आपोआप उघडत नाही.

आणि वर चढायची अट दोन्हीकडे एकच आहे. पार्टनर व्हायचं तर काम आणावं लागतं. क्लायंट आणावा लागतो. क्लायंट कुठून येतात? शाळेतून, क्लबातून, सासऱ्याकडून. १९२३ ला सॉलिसिटर काम देत नव्हते, आज कुणी ‘देत नाही’ म्हणत नाही, फक्त फोन दुसऱ्याला जातो.

मग फरक काय? मला एकच सापडला, आणि तो लहान नाही. कन्सल्टिंगमधून भाऊ उद्या बाहेर पडला तर त्याच्या हातात एक अनुभवपत्र असेल आणि कंपनीच्या नावाची पुण्याई, ती दोन वर्षांत विटते. वकिलीत सनद त्याच्या नावावर असते. फर्मने काढलं, तरी ती कुणी काढून घेत नाही. भिलाईला परत गेला तरी दुर्गच्या कोर्टात उभा राहू शकतो. अर्थात यालाही टाचणी आहे. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. म्हणजे फर्म सोडून एखाद्या कंपनीच्या विधी विभागात गेला, आणि कॉर्पोरेट वकिलांपैकी बरेच शेवटी तिकडेच जातात, की सनद स्थगित ठेवावी लागते. मी त्याला एवढंच म्हटलं, जे तुझ्या नावावर राहणार आहे त्यासाठी जात असशील तर जा. पॉलिशच्या शेऱ्यापासून सुटका म्हणून जात असशील तर तो शेरा तिकडे तुझी वाट बघत बसलेला आहे.

आपल्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ सरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “वकील व्हावं, पण कंपन्यांचा कशाला? आपल्या लोकांच्या केसेस कोण लढणार?” मी त्यांचा आदर करते, पण इथे माझं त्यांच्याशी जमलं नाही. अत्याचाराच्या केसेस लढणारे वकील आपल्याला हवेतच, आणि जे लढतात त्यांच्यापुढे मी मान झुकवते. पण तेहतीस हजारांचा हप्ता असलेल्या मुलाला हे सांगायचं असेल तर समाजाने आधी तो हप्ता वाटून घ्यावा. मला हेही दिसतं की ठेकेदाराची थकबाकी कुठल्या कलमाखाली मालकावर येते, हे मालकाच्या बाजूला बसून शिकलेला माणूस आपल्याकडे जवळजवळ नाहीच. भाऊ ते शिकून पुढे कुणासाठी वापरेल, याची हमी मी देऊ शकत नाही. तोही देत नाही. सर नाराज झाले. अजून बोलतात, पण जरा कमी.

तर सध्याची स्थिती सांगते. यावर्षी तो नोकरी सोडत नाहीये. कर्जाचे तेरा लाख राहिलेत. वरच्या मजल्याचं काम थांबवलंय, आईला ते आवडलेलं नाही. गुरुग्रामचं घर सोडून तो दोघांसोबत द्वारकेला राहायला आलाय. बोनससकट दोन वर्षांत कर्ज संपतं असा हिशेब आहे, आणि मग दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी. तोपर्यंत कंपनीने ‘प्रेझेन्स’पायी त्याला बाहेर काढलं नाही तर. त्या धंद्यात वर चढला नाहीस तर बाहेर, हा नियमच आहे, त्यामुळे दोन वर्षं आमच्या हातात आहेत असं मी छातीठोकपणे म्हणत नाही.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर दोन पेपर शिकवायला घेतलेत. वहीतला बारा हजारांचा आकडा मीच खोडला. प्रबंध वर्षभर लांबेल. माझ्या गाइड मॅडमना अजून सांगितलेलं नाही, तुमच्यापैकी कुणी सांगू नका.

आणि एक काम आहे. इथे मागच्या रांगेत लॉ फॅकल्टीतले तिघेजण बसले आहेत, एक मुलगी फर्मेत इंटर्नशिप करून आली आहे. त्याला आत कसं शिरायचं हे सांगणारं आमच्या नात्यात कुणी नाही. चहा झाला की माझ्याकडून त्याचा नंबर घ्या. रात्री अकरानंतरच उचलतो.